अर्धा फेरा

होडी घेतली तेव्हा इंजिन फुकट मिळालं,
म्हणजे झिलूकाका तसं म्हणाले,
आणि पैसे मोजताना बोटाला दोनदा थुंकी लावली.
आठ हॉर्सपॉवर. टोपीला तडा, तड्यावर एमसील.
नाळेवरचं जुनं नाव खरवडलेलं,
तरी तिरक्या उन्हात 'सुलोचना' वाचता येतं.
मी त्यावर रंग दिला नाही. डबा संपला होता.

पहिल्या दिवशी दोरी ओढली बावीस वेळा.
तेविसाव्याला खोकलं, निळा धूर सोडला,
तळाशीलच्या धक्क्यावरच्या पोरांनी
जाळं सांधायचं टाकून टाळ्या वाजवल्या.
पेट्रोलवर चालू करायचं, तापलं की कॉक फिरवून रॉकेलवर,
एवढं मला येत होतं.
रेवंडीच्या माडांसमोर आलं आणि मेलं.

दुसऱ्या दिवशीही रेवंडीच्या माडांसमोर.
तिसऱ्याही.
लोक म्हणाले, तिथं काहीतरी आहे, नारळ दे.
दिला. नारळ ओहोटीबरोबर सर्जेकोटला गेला,
मी वल्हं मारत घरी.

मला शिवणयंत्र कळतं.
चोवीस वर्षं गावचे ब्लाउज शिवले,
टाका सुटला तर आवाजावरून सांगते, बॉबिन की दाब.
म्हणून प्लग काढला, सँडपेपरने घासला,
फट ब्लेडच्या पात्याने मोजली.
कार्बोरेटर उघडून पाटावर मांडला,
जेटच्या भोकात सोळा नंबरची सुई घातली,
जरा घाण निघाली, जरा आनंद झाला.
परत जोडल्यावर एक वॉशर उरला.
अजून बटणांच्या डब्यात आहे.

रेवंडी.

मालवणहून बावतीस मेस्त्री आला, दोनदा चहा प्याला,
कॉइल गेली म्हणाला. साडेतीन हजार. जुनी, पण चांगली.
नळीतला रबरी फुगा चपटा पडलेला
आम्ही दोघांनी पाहिला, सुकल्या आमसुलासारखा,
आणि दोघांनाही काही सुचलं नाही.

मग झिलूकाकांना फोन केला.
ते आता कोल्हापुरात, मुलीकडे, तिसऱ्या मजल्यावर.
'हंय दर्या नाय,' म्हणाले, 'लिफ्ट आसा.'
'इंजिन मरतंय, काका.'
'खंय मरता?'
'रेवंडीसमोर.'
'रोज थयच?'
'रोज.'
'माका आवाज आयकंव दी.'

फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून टोपीला बांधला.
सहा मिनिटं कोल्हापुरात एक म्हातारा
माझं इंजिन ऐकत होता.
माड आले. त्याचा घसा आवळला, मेलं.
पिशवीतून आवाज आला:
'टाकीचा झाकान बघ गो. वर बारीक स्क्रू आसा.
अर्धो फेरो सैल कर. वारो जावंक व्हयो तेका.'

मुगाएवढा स्क्रू.
मीच आवळला होता, पहिल्याच दिवशी, पक्कडीने.
आमच्या घरात झाकणं घट्टच.
पापड मऊ पडतात, मिठाला पाणी सुटतं,
उघडं ठेवलं की गेलं, हे मी लग्नाआधीच शिकले.

अर्धा फेरा.
टाकीने सुस्कारा सोडला,
घट्ट पोलक्याचा हूक काढल्यावर बाई सोडते तसा.
फुगा हळूहळू गोल झाला.
तिसऱ्या ओढीला इंजिन लागलं.

रेवंडीचे माड आले. मागे गेले.
फोन चालूच होता, काका बोलत नव्हते.
'ठेवू का?' मी ओरडले.
'ठेव नको. खंय पोचलंस?'
मग सांगत गेले: कालवांचा खडक.
मोडका खुंट, त्यावर बगळा.
हडी आली.
बराच वेळ तिकडे नुसतं माझंच इंजिन.
एकदा लिफ्टचं दार वाजलं.
कुणीतरी विचारलं, जेवताय ना?
त्याचं उत्तर ऐकू आलं नाही.

मग एकदम:
'पाणी मुतता मां?'
मी वाकून मागे पाहिलं.
भोकातून करंगळीएवढी धार, हाताला कोमट.
'मुतता,' मी म्हटलं. 'बरा मुतता.'